बंपरवरचं कुंकू

"हे रक्त आहे का कुंकू?"

ढोमणे साहेबांनी जीपच्या चेपलेल्या बंपरवरून बोट फिरवलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं.

"कुंकू आहे साहेब. खंडेनवमीची पूजा केली ना गाडीची," हे म्हणाले.

"चेपलेल्या गाडीची?"

"गाडी ती गाडीच ना साहेब. वर्षभर पोट भरते आमचं."

साहेब हसले नाहीत. विमा कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर मी पहिल्यांदाच पाहत होते. पन्नाशी उलटलेला काटकुळा माणूस, गळ्यात शिंप्यासारखी टेप. फुटलेला दिवा, आत गेलेली जाळी, तोंड वासल्यासारखं वर आलेलं बॉनेट, एकेकापाशी उकिडवं बसून त्यांनी फोटो काढले. मग रुमालानं हात पुसत म्हणाले, "दिगंबरभाऊ, रोही आडवा आला असं तुम्ही फॉर्मात लिहिलं. रोह्याला धडकलेल्या गाड्या मी शंभरेक तरी पाहिल्या असतील. जाळीत केस राहतात, दिव्याच्या खाचेत कातडं राहतं. तुमची गाडी तर वरातीला काढल्यासारखी आहे. झेंडूचा हार काय, हळदीकुंकू काय! धुतली कोणी?"

ह्यांनी साहेबांसाठी खुर्ची पुढं केली.

मी ओसरीवर पोथी घेऊन बसले होते. तेव्हा माझा नेम असा होता की सकाळी आंघोळ झाल्यापासून पोथीचा अध्याय संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न होऊन ह्या घरात आले त्या श्रावणात तो धरला होता, आणि बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

"वहिनी, तुम्ही धुतली का?"

"तिचं मौन असते ह्या वेळी," हे घाईनं म्हणाले. "पोथी होईपर्यंत बोलत नाही ती."

"किती वेळ चालते पोथी?"

"तासभर."

"मग थांबतो की. चहा घेऊ आपण तोवर."

मी शेवटच्या ओवीपर्यंत आले होते. पान उलटलं आणि अध्याय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तो संपत आला तेव्हा साहेब अजून खुर्चीवरच होते. मी तिसऱ्यांदा सुरू केला. ओठ हलत होते, डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं. अखेर साहेब उठले, वही बगलेत मारली आणि जाता जाता म्हणाले, "वहिनींची पोथी मोठी आहे बापा. मी परत येईन."

नेमाचा असा आडोसा मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

गाडी मीच धुतली होती.

आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहत होतो. लेक सासरी गेलेली, घरात आम्ही दोघंच. जीप भाड्यानं द्यायची, लग्नाला, दवाखान्याला, देवदर्शनाला, आणि तिच्यावर घर चालायचं. अष्टमीच्या दिवशी हे एका कुटुंबाला अमरावतीला सोडून रिकामे परत येत होते. मी घटापाशी बसले होते. नऊ दिवसांचा उपास, समोर अखंड दिवा. दिवेलागणीला अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, पण नेहमीसारखं दार आपटल्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं हे उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. सदऱ्यावर डाग, गुडघे मातीनं भरलेले.

"रोही आडवा आला," म्हणाले. "सावरखिंडीत."

"तुम्हाला लागलं का?"

"मला काही नाही झालं."

"मग आत या. दिव्याला हात जोडा, वाचलात."

ते आत आले नाहीत. "मी विहिरीवर आंघोळ करतो," म्हणाले आणि तिथूनच वळले. जेवले नाहीत. आरतीला आले नाहीत. बाहेरच्या खोलीत खाट टाकून पडले.

सावरखिंडीत रोही, म्हणजे नीलगायी, फार. त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी रोह्याची गोष्ट सांगतो. मला शंका यायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे विळी, कात्री, नांगराचा फाळ, गाडी, सगळं धुऊन पुजायचं. ज्याच्यावर घर चालतं ते नवमीला पारोसं ठेवायचं नाही. विमा कंपनीला आधी दाखवायचं असतं, तोवर हात लावायचा नसतो, हे मला कोण सांगणार? उजाडता उजाडता मी आंघोळ करून, मौन धरून, बादली आणि काथ्या घेऊन गाडीपाशी गेले. पाणी ओतलं तसं लाल होऊन वाहायला लागलं. जनावराचं रक्त, असं मनाशी म्हणत घासत राहिले. जाळीच्या मोडलेल्या पट्ट्यांत काहीतरी अडकलं होतं. ओढून काढलं.

कापड होतं. हिरवा खण, बारीक काठाचा. एका कोपऱ्याला गाठ मारलेली, आणि सगळं रक्तानं कडक झालेलं.

रोही खण घालत नाही.

मौन होतं म्हणून ओरडले नाही, नाहीतर सगळी आळी जमली असती. मी तो तुकडा पदराखाली घेतला आणि तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, पणतीच्या मागं ठेवून दिला. देव्हाऱ्यात ठेवायची हिंमत झाली नाही आणि उकिरड्यावर टाकायचीही झाली नाही. मग गाडीकडे परत आले, उरलेलं रक्त बादलीभर पाण्यानं धुऊन काढलं, चेपलेल्या बंपरवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, हार घातला. नारळ ह्यांनी फोडायचा असतो. मी हाताच्या खुणेनं बोलावलं. हे लांबच उभे राहिले.

"तूच फोड," म्हणाले. "मी नाही हात लावत."

मी नारळ फोडला. ह्यांचे डोळे जमिनीवर होते.

दसऱ्याला घट उठले. संध्याकाळी शेजारच्या गोदाकाकू आपट्याची पानं घेऊन आल्या. सोनं हातावर ठेवता ठेवताच म्हणाल्या, "ऐकलं का कुमुद? सावरखिंडीत बाईला उडवलं म्हणे. अष्टमीला, अंधारायच्या वेळी. शेतात सोयाबीन सोंगून घरी येत होती बिचारी. मेला थांबलासुद्धा नाही! अकोल्याला नेली आहे, शुद्धीवर नाही अजून."

माझ्या हातातली पानं खाली पडली.

"अगं, सोनं असं पाडू नये," काकू म्हणाल्या. वाकून त्यांनीच ती उचलली. "उपासानं हात थरथरतात तुझे. पोटात काही घाल."

"कोणती गाडी होती?" मी विचारलं.

"कोणाला माहीत? पोलीस शोधतायत. सापडला की चामडी लोळवतील."

बाईनं काय घातलं होतं, हे विचारायला जीभ वळली नाही. हिरवी चोळी म्हणाल्या असत्या तर?

उपास सोडायचा दिवस होता. मी पुरण शिजवलं, नैवेद्य दाखवला, पण घास गिळेना. हे तर ताटावर बसलेच नाहीत. दोघंही उपाशी, आणि दोघंही एकमेकांना म्हणतोय, "जेवा ना", "तू जेव."

ढोमणे साहेब येऊन गेले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "तू काही सांगायचं नाही त्यांना. मी बघतो."

"काय सांगायचं नाही?"

"काहीच नाही," एवढं म्हणून ते बाहेर निघून गेले.

तिसऱ्या प्रहरी परत आले तेव्हा मिशी काढलेली होती.

लग्नात पाहिली तेव्हापासूनची मिशी. माणूस गेल्यावर काढतात मिशी. मी चूल फुंकत होते, तशीच बसून राहिले. ती बाई गेली असणार. ह्यांना कळलं असणार, आणि कोणाला सांगता येत नाही म्हणून हा माणूस एकटाच सुतक पाळतोय. विचारावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की त्याच्यासोबत राहावं लागणार. मी विचारलं नाही.

रोज सकाळी हे आता सायकलवरून कुठंतरी जायचे. एकदा कॅरियरला हिरव्या चाऱ्याच्या दोन पेंढ्या बांधलेल्या दिसल्या. आमच्याकडे जनावर नाही. मी पाहतेय असं दिसल्यावर त्यांनी वर गोणपाट टाकलं.

मी पोथी वाचायची, जप करायची, तुळशीला पाणी घालायची. पाणी घालताना कोनाड्याकडे बघायची नाही. खणाची ती गाठ मी सोडून पाहिली नव्हती. बायका कोपऱ्याला पैसे बांधतात, गोळी बांधतात, डोरलं बांधून ठेवतात. त्यात काय निघेल ह्याची भीती वाटायची. अधूनमधून देवाजवळ मागायची. आधी मागायची, ती बाई वाचू दे. मग मागायची, तिला शुद्ध आली तरी गाडी आठवू नये. हे दुसरं मागितलं त्या दिवशी दिव्यात तेल घालताना सांडलं, आणि मी तिथंच रडले.

कोजागिरीच्या दिवशी ढोमणे साहेब परत आले. ह्या वेळी साडेदहाला, म्हणजे पोथी हमखास झालेली असणार अशा वेळी. हे घरीच होते. साहेबांनी खुर्ची ओसरीवर माझ्या पुढ्यात ओढून घेतली.

"झाली का पोथी, वहिनी?"

"झाली."

"बरं झालं. मी हा क्लेमचा कागद घेऊन ठाण्यात गेलो होतो. अष्टमीचा दिवस, सावरखिंड, अंधारायची वेळ, गाडीचा पुढचा भाग. तुमच्या कागदात हे चारही आहे, आणि त्यांच्या कागदातही हे चारही आहे. फरक एकच. तुमच्यात रोही आहे, त्यांच्यात बाई आहे."

हे खांबाला धरून उभे राहिले.

"मी पोलीस नाही," साहेब म्हणाले. "मला फक्त लिहायचं असते, गाडी कशावर आदळली. पण मी लिहिलेलं ते वाचतील. दिगंबरभाऊ, शेवटचं विचारतो. कशावर आदळली?"

"रोही होता साहेब." आवाज आतून, विहिरीतून आल्यासारखा.

"सावरखिंडीतच?"

"हो."

"मग मिशी कोणासाठी काढली?"

ह्यांनी हात तोंडावर नेला.

साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमच्या घरात आल्याबरोबर उदबत्तीचा वास येतो. तुमच्याकडून खोटं निघणार नाही म्हणून विचारतो. गाडी कोणी धुतली?"

"मी धुतली."

"अगं!" हे म्हणाले.

"मी धुतली," मी पुन्हा म्हटलं. "नवमी होती म्हणून धुतली."

"धुताना काही दिसलं?"

समोर तुळस होती. बावीस वर्षं रोज पाणी घातलेली. ह्या घरातून माझा नवरा बेड्या घालून जाताना मला दिसत होता, आणि अकोल्याच्या दवाखान्यात कोणाची तरी बायको खाटेवर पडलेली दिसत होती. मी उठले. कोनाड्यातून पणती बाजूला केली, तुकडा घेतला आणि आणून साहेबांच्या वहीवर ठेवला.

"हे अडकलं होतं जाळीत."

ह्यांचं तोंड पांढरं पडलं. सात दिवस मी ज्याला भीत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर उघडं दिसलं. मी खालीच बसले.

साहेबांनी चष्मा लावला. पेनाच्या टोकानं कापड उलटंपालटं केलं. "खण दिसते. बाईमाणसाचा." मग पेन गाठीत घातलं.

"सोडू नका!" हे ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "साहेब, ती गाठ सोडू नका! देवीची ओटी आहे ती."

पण गाठ वाळून कडक झाली होती, पेनाच्या धक्क्यानं तडकन सुटली. वहीवर तांदूळ सांडले. हळकुंड पडलं आणि एक सुपारी गडगडत माझ्या पायापाशी आली.

साहेबांनी तांदळाचा एक दाणा चिमटीत धरून पाहिला.

"कळमफाट्याची गाय होती," हे म्हणाले. आता आवाज बारीक, लहान मुलासारखा. "देवीला सोडलेली. नवरात्रात बायका तिची ओटी भरतात, शिंगाला खण बांधतात. उताराला वळलो अन् ती रस्त्याच्या मधोमध उभी. ब्रेक मारला साहेब, आईशपथ मारला. पण उतार होता."

"कळमफाटा?" साहेबांनी वहीचं पान मागं उलटलं. "म्हणजे तुम्ही सावरखिंडीतून आलेच नाही?"

"त्या दिवशी त्या रस्त्याला गेलोच नाही. रोही म्हणायचं तर सावरखिंड म्हणावं लागते. कळमफाट्याला कुठला आला रोही?"

"अन् गाय?"

"लगेच नाही गेली. डोकं मांडीवर घेऊन बसलो. बाटलीतलं पाणी घातलं तोंडात." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तिथल्या गुरवानं अन् मी मिळून खड्डा केला. त्यानं सांगितलं, चौथ्या दिवशी मिशी काढ, अकरा दिवस फाट्यावरच्या गाईंना चारा घाल, अन् तोवर देवाला शिवू नको. तेच करतोय."

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मग कपाळावर हात मारला.

"अहो, मग गाय म्हणून लिहायचं होतं! विम्याला रोही काय अन् गाय काय, दोन्ही सारखेच. आता खोटं लिहिलं म्हणजे क्लेम हातचा गेला ना! वरून बाईच्या केसमध्ये नाव जात होतं. कशासाठी केलं हे?"

"विम्यासाठी नाही बोललो खोटं, साहेब," हे म्हणाले. "विम्याचा फॉर्म तर दोन दिवसांनी भरला. खोटं घरात आधी बोललो. मग तेच लिहावं लागलं."

"घरात कशासाठी पण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात दिवसांत पहिल्यांदा.

"ही घटापाशी बसली होती," ते म्हणाले. "आठ दिवसांची उपाशी. पायाखाली मुंगी मेली तरी उपास धरते ही. माझ्या हातून गाय गेली, असं हिला कसं सांगू? पुन्हा कधी माझ्या हातचं पाणी घेतलं असतं का हिनं?"

मला बोलायचं होतं. मौन नव्हतं, पोथी झालेली होती. तरी शब्द आला नाही.

साहेबांनी तांदळाचे दाणे एकेक वेचून खणात ठेवले, हळकुंड ठेवलं. सुपारी माझ्या पायापाशी होती, ती मी दिली. "मी आता कळमफाट्याला जातो," ते म्हणाले. "गुरव अन् खड्डा पाहतो. जसं आहे तसं लिहितो. क्लेमचं मी सांगू शकत नाही, पण ठाण्यात काय सांगायचं ते सांगतो." पायऱ्या उतरताना थांबले. "वहिनी, पुढच्या नवमीला आधी फोटो काढा, मग धुवा."

ह्याला आता अठरा वर्षं झाली. क्लेम नामंजूर झाला. चुकीची माहिती दिली, असं एका ओळीत लिहून आलं. जीप विकावी लागली, आणि हे तालुक्याला दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागले. ती बाई वाचली. तिला एका ट्रॅक्टरनं उडवलं होतं, दिवाळीच्या आत सापडला तो.

पण मला सांगायचं आहे ते त्या कोजागिरीच्या दुपारचं आणि दुसऱ्या सकाळचं.

साहेब गेल्यावर हे खांबापाशी तसेच उभे होते. "आता काय करणार तू?" त्यांनी विचारलं. न्यायाधीशाला विचारावं तसं. तो आवाज मी ओळखला. सात दिवस माझ्या आत तोच बोलत होता. घरात भीती फक्त मला वाटते, असं मी समजत होते.

"पाट मांडते," मी म्हटलं. "जेवायचं आहे."

"अकरा दिवस व्हायचेत अजून. मी बाहेरच—"

"देवापाशीच मांडते. दोन पाट."

त्यांनी पाण्याचा तांब्या भरून आणला आणि मधे ठेवला, माझ्यापासून थोडा लांब. मी उचलून प्यायले. सगळा प्यायले. ते बघत होते.

दुसऱ्या सकाळी आंघोळ झाली, दिवा लावला, पोथी सोडली. बाहेरच्या खोलीतून खाटेची करकर ऐकू आली. हे उठत होते, हळूहळू, चोरपावलानं, बावीस वर्षं उठत आले तसे. बायकोच्या मौनाला धक्का लागू नये म्हणून. मी पोथीवर फडकं टाकलं आणि हाक मारली, "अहो, उठलात का?"

ते अनवाणी धावत आले. चेहरा पार उतरलेला, एका हातात धोतराचा सोगा.

"काय झालं? काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा ठेवलाय."